उन्हामागे खाट

डिसेंबर लागला की तलमडुगुच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरगावचा माणूस चक्रावेल, पण त्यात चमत्कार काही नाही. ठासून भरलेल्या गाड्या आदिलाबादच्या मार्केटकडे निघतात, ताडपत्रीबाहेर फुगलेला कापूस काट्यांना घासतो आणि फांद्याफांद्यांवर पांढरे पुंजके अडकून राहतात. तिथल्या सरकारी शाळेत मी मराठी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवते. या दिवसांत अर्धा वर्ग वेचणीला गेलेला असतो. उरलेल्यांना मी बाहेर उन्हात बसवते, फळा भिंतीला टेकवते आणि स्वेटरच्या बाहीत बोटं लपवत अपूर्णांक लिहिते. आमच्याकडची थंडी साऱ्या तेलंगणात बदनाम आहे.

आदिलाबादहून बसने रोजची ये-जा. पूर्वी मी खिडकीशी बसायची आणि पुंजके मोजायची; गणिताच्या बाईची खोड. आता आतल्या बाजूला बसते. तीन वर्षांपूर्वी याच हंगामात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी रोशनी गेली. सतरा वर्षांची होती. तेव्हापासून माझ्या बहिणीच्या, सुनंदाच्या, तोंडून प्रार्थनेचा एक शब्द मी ऐकलेला नाही. आणि मला तिच्या प्रार्थनेची गरज आहे. माझ्या स्वतःच्या प्रार्थनेने भागणार नाही अशी गोष्ट मी केली आहे.

रोशनीला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि अडकल्या की हाडं पिळल्यासारखी दुखतात. आमच्या भागात हा आजार गावोगाव माहीत आहे. थंडी पडली की तो उठतो. आई आणि बाप दोघांच्या रक्तात अर्धा अर्धा असेल, तर मुलात तो पुरा उतरू शकतो.

सुनंदाचं लग्न मी जमवलं होतं. आमची आई लवकर गेली, मी लग्न केलं नाही, धाकटीचं सगळं मीच पाहिलं. मुलगा शमुवेल, बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कायम नोकरी, दारूला शिवत नाही, रविवारी चर्चमध्ये हजर. मी सुनंदाला म्हटलं, "डोळे मिटून हो म्हण." तिने डोळे मिटून हो म्हटलं. शेजारच्या घरांत पत्रिका पाहत, आम्ही ख्रिस्ती माणसं पत्रिकेला हसत असू. रक्त पाहायचं कोणालाच सुचलं नाही. रोशनी तीन वर्षांची असताना आजार कळला, तेव्हा घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. सुनंदात अर्धा, शमुवेलात अर्धा. माझं रक्त साफ निघालं. मला त्याचीही लाज वाटली.

पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही. शमुवेल खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टीला यायचा. सुनंदा मुलीला घेऊन आदिलाबादला माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहिली, कारण दवाखाना इथे. मी वेळापत्रक करून दिलं. किती वाजता गोळी, किती तांबे पाणी, शेकायची पिशवी कुठे. अंगणात ऊन कसं फिरतं ते एका रविवारी दिवसभर बसून पाहिलं आणि फरशीवर खडूने खाटेच्या पायांच्या खुणा केल्या. नऊचं ऊन तुळशीवृंदावनाच्या जागी, म्हणजे आधीच्या घरमालकाचं होतं त्या चौथऱ्याशी. अकराचं मधोमध. दोनचं मोरीजवळ. चारचं मागच्या भिंतीला. वाजले की खाट उचलायची आणि पुढच्या खुणेवर ठेवायची.

रोशनी म्हणायची, "मावशी, मी सूर्यफूल हाय का?"

"सूर्यफुलाले कोणी उचलून नेत नाही. तू महारानी हायेस."

"मंग पालखी हळू उचला. हाडं खुळखुळून राह्यली."

असा तिचा विनोद. कळ आली की तोच आवाज कुठल्या कुठे जायचा. चादरीचं टोक दातात धरून ती भिंतीकडे तोंड करायची, आणि आपण बाजूला उभे राहून काय करायचं असतं ते कोणत्याच वेळापत्रकात नसायचं.

तेव्हा लोक बोलायचे. बीट खाऊ घाला. पपईच्या पानांचा रस द्या. शेजारणीने लिंबू उतरवून पाहू म्हटलं, प्रेमाने म्हटलं. आमच्या चर्चच्या बायका दर गुरुवारी यायच्या, खाटेभोवती खुर्च्या मांडायच्या आणि एकेक करून बोलायच्या. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच तावून काढतो. तुमच्या घरात कुठे काही राहून गेलंय का, कबूल करून टाका. देव परीक्षा घेतो. हे शेवटचं मला कधी पटलं नाही. परीक्षा मी घेते, कारण कोणत्या मुलाला किती येतं ते मला ठाऊक नसतं. देवाला काय ठाऊक नाही?

आणि तरी त्या बायकांना मी हसू शकत नाही. त्यांच्यात सगळ्यांत जास्त मीच बोलायची. सुनंदा चुलीपुढे बसून रडली की मी म्हणायची, "उठ. तोंड धू. तुले पाहून तिचा जीव घाबरतो." एकदा तिने वर पाहिलं. "अक्का, तुले लेकरू असतं तं समजलं असतं." त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "ते खरं. पन दूध उतू चाललंय."

आता चिठ्ठ्यांचं सांगते. आमच्याकडे चर्च एकच आहे, मंडळी बहुतेक तेलुगू. त्यांची उपासना झाली की त्याच बाकांवर आमची मराठी उपासना होते. नव्या वर्षाच्या सकाळी प्रत्येक माणूस वचनाची एक चिठ्ठी उचलतो. शास्त्रातलं जे वचन निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. कोणी पाकिटात ठेवतं, कोणी कपाटाच्या दाराला चिकटवतं. तेलुगू मंडळींसाठी छापलेली, सोनेरी काठाची कार्डं येतात. मराठीत तशी इथे मिळत नाहीत, म्हणून डिसेंबरभर मी ती हाताने लिहायची. मुलांचे चित्रकलेचे जुने कागद कापायचे, पाठीमागे वचन लिहायचं, चार घड्या घालायच्या आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या. त्या डब्यात मी स्वतः कधी ढवळाढवळ केली नव्हती. देवाच्या कामात हात घालू नये एवढं मला कळत होतं.

त्या शेवटच्या हंगामात, डिसेंबरच्या अखेरीस रोशनी दवाखान्यातून घरी आली ती काठीसारखी होऊन. सुनंदाने जेवण टाकलं होतं. मी समजावलं, रागावले, ताट घेऊन पुढे बसले. काही नाही. नव्या वर्षाच्या उपासनेनंतर चर्चचे पाळक म्हणाले, डबा घरी घेऊन जा, मुलीला खाटेवर चिठ्ठी उचलू दे. मी डबा घेतला, आधी माझ्या घरी गेले, आतल्या चिठ्ठ्या काढून ठेवल्या, आणि टेबलाशी बसून अकरा नव्या लिहिल्या. अकराही चिठ्ठ्यांवर एकच वचन, बरं करण्याचं.

संभाव्यता मी दहावीला शिकवते. अकरापैकी अकरा.

अकराच्या खुणेवर खाट होती. रोशनीने डब्यात हात घातला, जरा चाचपडली, चिठ्ठी आईकडे दिली. सुनंदाने वाचली आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे पाहिलं. "अक्का, पाह्य! पाह्य नं! एवढ्या चिठ्ठ्यांतून आपल्या पोरीले हेच निघालं!" ती हसत होती, रडत होती, चिठ्ठी डोळ्यांना लावत होती. मग आत जाऊन भाताची खळ करून तिने ती कपाटाच्या आरशाला चिकटवली आणि उरलेला भात वरण घालून जेवली. पोटभर जेवली. मी मनात म्हटलं, झालं काम.

रोशनीने मला बोटाने जवळ बोलावलं. मूठ उघडली. मुठीत दुसरी चिठ्ठी, घड्या उलगडलेली, तेच वचन.

"दोन निघाल्या होत्या. मावशी, सगळ्या एकच हायेत नं?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"गणिताची बाई अन् कॉपी करते!" ती हसली आणि हसण्याने बरगड्या दुखल्या म्हणून हाताने दाबून धरल्या. "आईले सांगू नको. किती दिवसांनी जेवली ती."

"बरं."

"अन् आता मले काही समजावू पन नको. नुसती बस. पाय इकडं दे, गरम लागतात तुये."

मी बसले. तिचे थंड तळवे माझ्या पावलांवर टेकलेले होते. दोनच्या खुणेपर्यंत आम्ही तशा बसलो. त्या सबंध हंगामात मी केलेली एकमेव बरोबर गोष्ट हीच असावी, आणि तीही मला सुचलेली नव्हती, सांगितल्यावर केली.

प्रभूने आपल्या शेवटच्या संध्याकाळी बागेत शिष्यांना सोबत नेलं, तेव्हा त्यांच्याकडे सल्ला मागितला नव्हता. जवळ थांबा, जागे राहा, एवढंच मागितलं होतं. ते झोपले. मी झोपणाऱ्यांतली नाही. मी जागी राहून बोलणाऱ्यांतली आहे. कोणतं वाईट, मला सांगता येणार नाही.

जानेवारीत थंडीची लाट आली. वेचणीची तिसरी पाळी चालू होती, मार्केटकडे आता मळकट, पानांचा कचरा मिसळलेला कापूस जात होता. एका सकाळी रोशनीला ताप चढला, छातीत दुखायला लागलं आणि श्वास आखूड झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी छाती ऐकली आणि लगेच सांगितलं, इथे होणार नाही, आजच्या आज नागपूरला हलवा, रक्त बदलावं लागेल. मी गाडी बघायला वळले. सुनंदा म्हणाली, "घरी नेते."

"काय?"

"घरी नेते मी तिले. देवानं सांगितलंय बरी होईल. हे लोक नुसतं इकडून तिकडं पाठवून राह्यले. मी वचनावर राहीन."

ती वेडी नव्हती. अडाणीही नव्हती. चौदा वर्षं तिने सगळ्यांचं ऐकलं होतं, माझं सगळ्यांत जास्त, आणि एकाही सल्ल्याने एक कळ कमी झालेली नव्हती. शेवटी तिला एक शब्द मिळाला होता जो माणसाचा नव्हता, असं तिला वाटत होतं, आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला. शमुवेलला फोन लावला तर तो म्हणाला, "सुनंदा म्हणेल तसं."

मी तिला समजावलं. ऑक्सिजनचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, देव डॉक्टरांच्या हातूनही काम करतो हेही सांगितलं. खरी गोष्ट सांगितली नाही. रोशनीला घरी आणलं आणि तो दिवस मी बोलण्यात घालवला. अकराची खूण, दोनची, चारची. प्रत्येक वेळी आम्ही दोघींनी खाट उचलली आणि प्रत्येक वेळी रोशनीचा श्वास आधीपेक्षा आखूड झालेला होता. ती माझ्याकडे पाहायची आणि मान हलवायची, सांगू नको म्हणून. मला स्वतःला सांगायला आवडेल की मी तिच्या शब्दाखातर गप्प होते. तसं नाही. सुनंदाच्या नजरेतून उतरण्याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या सकाळी नऊ वाजता मी सांगितलं. "चिठ्ठी खोटी आहे. अकराच्या अकरा मी तशाच लिहिल्या होत्या."

सुनंदा मला मारील, किंचाळेल, असं वाटलं होतं. ती कपाटाकडे गेली, आरशावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, दार उघडून शाल काढली. म्हणाली, "गाडी सांग." दोन शब्द.

गाडीत रोशनीचं डोकं तिच्या मांडीवर होतं, पाय माझ्या. पैनगंगेचा पूल ओलांडला. मग रोशनी तुटक तुटक बोलली. "आई... मावशीले नको बोलू. मले नव्या वर्षालेच समजलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू खुश होती नं."

नागपूरला तिने सहा दिवस काढले.

नंतर मी तिथल्या डॉक्टरांना गाठलं. विचारलं, एक दिवस आधी आणलं असतं तर? तरुण माणूस होता, थकलेला. "मॅडम, सांगता येत नाही," म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. मला हो किंवा नाही पाहिजे होतं. उदाहरणाला उत्तर असतं, मागच्या पानावर छापलेलं असतं. याला नव्हतं. अजून नाही. शाळेतून येताना, भाजी चिरताना, वह्या तपासताना मी तो दिवस उलटा सुलटा मांडते आणि दर वेळी तेच उरतं, सांगता येत नाही.

अंत्यविधीला तेच शब्द पुन्हा आले. देवाने फूल खुडलं. ती चांगल्या जागी आहे. वेदना संपल्या. सगळं खरंही असेल. सुनंदाच्या कानावरून ते सगळे शब्द कौलावरच्या पाण्यासारखे गेले. महिनाभराने मी तिच्याकडे गेले, तर अंगणात रिकामी खाट अकराच्या खुणेवर होती. वर रोशनीची गोधडी. दोन वाजता सुनंदा उठली, एकटीने खाट ओढत मोरीजवळ नेली. पाय फरशीवर खरखरले. मी म्हटलं, "सुनंदा, आता खाट आत ठेव. असं करून ती परत येनार हाय का?"

तिने माझ्या तोंडावर दार लावलं. दोन आठवडे उघडलं नाही.

जुन्या करारात एका माणसाची गोष्ट आहे. त्याची जनावरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, तो राखेत बसला. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्या मित्रांना लोक नावं ठेवतात. मला वाटतं पहिल्या सात दिवसांत त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मग त्यांनी तोंड उघडलं. तुझ्या हातून काही घडलं असेल, देव न्यायी आहे, कबूल कर म्हणजे सुटशील. तो माणूस मात्र देवावर ओरडत राहिला. शेवटी देव बोलला, आणि कारण त्यानेही सांगितलं नाही. पण रागावला तो ओरडणाऱ्यावर नाही, मित्रांवर. इतकी त्यांनी देवाची बाजू घेतली होती आणि देवाला ती नको होती. त्यांना त्याने सांगितलं, ज्याला तुम्ही शिकवत होतात त्याच्याकडे जा. तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, आणि ती मी ऐकेन.

ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. शेवटचा भाग माझ्यासाठी आहे हे पन्नाशीत कळलं. त्या मित्रांनी देवाबद्दल आपल्या मनाचं सांगितलं, मी तर देवाच्या नावाची खोटी सही केली. मी कितीही गुडघे टेकले तरी माझा रस्ता त्या अंगणातून जातो. आणि प्रार्थना ही एकच गोष्ट अशी की मागून मिळाली तर तिला अर्थ नाही. सुनंदा उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते, सगळे डोळे मिटतात तेव्हा ती उघड्या डोळ्यांनी खिडकीबाहेर पाहते. मी मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिच्याकडे पाहते.

दोन आठवड्यांनी दार उघडलं, तेव्हा मी काही बोलले नाही. दोन वाजले. तिने खाटेचं एक टोक धरलं, मी दुसरं. "उचल," ती म्हणाली. त्यानंतर तीन थंड्या झाल्या. दर रविवारी उपासनेनंतर मी जाते. आमच्यात तो एक शब्द होतो, कधी ती म्हणते, कधी मी. खडूच्या खुणा केव्हाच पुसल्या, खाटेच्या पायांना जागा पाठ आहेत. उन्हाळ्यात खाट आत जाते, गारठा पडला की बाहेर येते.

मधल्या काळात आमच्या मराठी मंडळींनी तेलुगू कार्डंच उचलली. मी चिठ्ठ्या लिहायचं सोडलं. मागच्या आठवड्यात दानियल काका मला चर्चच्या फाटकापाशी थांबवून उभे राहिले. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, भाषा अजून तिथलीच. "बाई, एक दरखास्त आहे. यंदा लिहा चिठ्ठ्या. ते कार्ड म्हणजे कोर्टाच्या नोटिशीवानी वाटतं. वाचता येत नाही अन् छाती धडधडते."

"काका, माझा हात दुखतो."

"तीन वर्षं?"

काल, रविवारी, मी हे सुनंदाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं. आम्ही दोनच्या उन्हात खाटेवर बसलो होतो, मधे रोशनीची गोधडी. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"लिही," म्हणाली. "लोकायले पायजे असतं. फक्त तो डबा माझ्या घरी आनू नको."

"नाही आणणार."

गल्लीच्या तोंडावरून कापसाची गाडी गेली. वाऱ्याने एक पुंजका उडत आत आला आणि गोधडीवर बसला. सुनंदाने तो उचलला, त्यातली सरकी नखाने काढली आणि पुंजका मुठीत धरला. मग तिने पदर डोक्यावर घेतला. आमच्यात बाई प्रार्थनेला बसली की पदर घेते. थंडी वाजली तरी घेते. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते, की गारठ्याने थरथरत होते, मला इतक्या जवळून दिसूनही कळलं नाही. कोणासाठी, हे तर मी विचारूच शकत नव्हते.

ऊन आमच्या पायांवरून उतरलं, खाटेखालून निघालं आणि मागच्या भिंतीला लागलं. चार वाजून गेले होते. "उचल" म्हणायची पाळी माझी होती. मी म्हटलं नाही.